ठरावापासून नळापर्यंत : शहरातील आपले नागरिकत्व

शाळेच्या स्नेहसंमेलनाला माजी विद्यार्थी येतात, तेव्हा आम्ही त्यांना ठरलेले प्रश्न विचारतो. नोकरी कोठे लागली, मुले कितवीत आहेत, गावाकडे आईवडिलांची प्रकृती कशी आहे. उत्तरांत मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर ही नावे हमखास येतात. मात्र एक प्रश्न आम्ही आजवर विचारला नाही. तुम्ही राहता त्या गल्लीत पाणी किती वाजता येते, ते कोण ठरवते आणि त्या निर्णयात तुमचा वाटा किती? या स्मरणिकेच्या निमित्ताने तो प्रश्न विचारावा आणि त्याच्या उत्तराची वाट दाखवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वसतिगृहात असताना पाणी भरण्याच्या पाळ्या, जेवणघराची व्यवस्था, ग्रंथालयाची वेळ हे सारे आपण सभेत बसून ठरवत होतो. शहरात गेल्यावर ती सवय सुटते. भाड्याची खोली, दूरची नोकरी आणि अनोळखी शेजार यांमुळे प्रत्येक जण आपल्यापुरता होतो. नळाला पाणी आले नाही तर टँकर मागवला जातो, गटार तुंबले तर नाक दाबून वाट काढली जाते. महापालिका म्हणजे कर घेणारी एक दूरची कचेरी, अशी समजूत रुजते. आपल्या समाजाच्या इतिहासाकडे पाहिले, तर ही समजूत आपल्याला परवडणारी नाही.

महाडचा सत्याग्रह आपण दरवर्षी स्मरतो, परंतु त्याची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. तो लढा एका नगरपालिकेच्या ठरावाशी जोडलेला होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला, पण तळ्याचे पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावाचा पहिल्यांदा अंमल झाला. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल मिळायला १७ मार्च १९३७ उजाडला.

या घटनाक्रमातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. नगरपालिकेचा ठराव माणसाच्या रोजच्या जगण्यापर्यंत पोहोचतो. केवळ ठराव झाल्याने तो अमलात येत नाही. आणि सभागृहात कोण बसले आहे, यावर तो टिकणार की रद्द होणार हे ठरते. म्हणूनच स्थानिक स्वराज्य संस्थेकडे पाठ फिरवणे म्हणजे आपल्या पाण्याचा निर्णय दुसऱ्याच्या हाती सोपवणे होय.

आज परिस्थिती बदलली आहे. १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि नगरपालिका व महापालिकांना संविधानात स्थान मिळाले. त्यांच्याकडे सोपवता येतील अशा १८ विषयांची यादी बाराव्या अनुसूचीत आहे. पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, घनकचरा, रस्ते, झोपडपट्टी सुधारणा, नागरी दारिद्र्य निर्मूलन हे विषय त्यांत येतात. अनुसूचित जाती व जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्त्रियांचे प्रमाण निम्म्यापर्यंत नेले.

याच दुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. महाराष्ट्राच्या कायद्यात या समितीवर नगरसेवकांसोबत त्या भागात समाजकार्य करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी नामनिर्देशित करण्याची सोय आहे. पाणी, मलनिस्सारण, स्वच्छता यांच्या तक्रारी लवकर सोडवणे आणि अंदाजपत्रकासाठी शिफारशी करणे ही तिची कामे. महिला मंडळ, विहार समिती, विद्यार्थ्यांची अभ्यासिका चालवणारी नोंदणीकृत संस्था यांनी या तरतुदीचा विचार केला पाहिजे. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातील कामे अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. पदपथ, दिवे, बाके, स्वच्छतागृहे अशी छोटी कामे त्यातून मागता येतात.

अर्थात, कायद्यातील व्यवस्था आपोआप चालत नाही. मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी असे संविधान सांगते. प्रत्यक्षात ती जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या काळात प्रशासकांनी कारभार पाहिला. नगरसेवक नव्हते, त्यामुळे त्यांच्या प्रभाग समित्याही नव्हत्या. वस्तीतील माणसाला तक्रार घेऊन जाण्याचे जवळचे दार इतका काळ बंद राहिले आणि आपल्यापैकी बहुतेकांना त्याची खंतही वाटली नाही. हे आम्ही स्वतःलाही उद्देशून लिहीत आहोत.

पाण्याचा प्रश्नही इतिहासजमा झालेला नाही. २००० सालानंतर वसलेल्या झोपडपट्ट्यांना मुंबईत पाणीजोडणी नाकारली जात होती. पाणी हक्क समितीने न्यायालयात दाद मागितली आणि डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. घर अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाण्यावाचून ठेवता येणार नाही.

संघटनेचे कौशल्य आपल्याकडे नाही, असे कोणी म्हणू नये. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बी.डी.डी. चाळींच्या २०७ इमारती १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. एका छोट्या खोलीचा संसार आणि सामाईक नळ अशा त्या जगण्यात माणसांनी पंचायती, वाचनालये, व्यायामशाळा आणि जयंती मंडळे चालवली. आजही आपले जयंती मंडळ वर्गणी गोळा करते, पावत्या फाडते, परवानग्या काढते, हिशेब फलकावर लावते. हीच माणसे, हीच वही आणि हीच शिस्त वर्षातील उरलेल्या दिवसांत गटार, दिवाबत्ती आणि दवाखान्यासाठी वापरता येईल.

आमच्या एका माजी विद्यार्थिनीने सांगितलेली हकिगत येथे नोंदवतो. तिच्या गल्लीतील उघड्या गटाराबद्दल सगळे तोंडी बोलत होते. दोन पावसाळे असेच गेले. मग तिने एक पानी अर्ज लिहिला. जागा कोणती, घरे किती, मागणी काय, एवढेच त्यात होते. घरोघरी फिरून सह्या घेतल्या, अर्ज विभाग कार्यालयात दिला आणि प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का मारून घेतला. उत्तर आले नाही, तेव्हा त्या क्रमांकाचा हवाला देऊन तिने माहितीच्या अधिकारात विचारणा केली. चौथ्या महिन्यात गटारावर फरशा बसल्या. शेजारची गल्ली अजून उघडीच आहे. आता तेथील बायका तिच्याकडून अर्जाचा नमुना घेऊन गेल्या आहेत.

या हकिगतीतील प्रत्येक पायरी कोणालाही चढता येते. माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे आणि उत्तराची सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा. त्यानुसार अधिसूचित सेवा ठरावीक दिवसांत मिळणे हा आपला हक्क आहे. या दोन्हींआधीची पायरी म्हणजे मतदारयादी. शहरात दहा वर्षे राहूनही अनेकांचे नाव गावच्याच यादीत असते. महापालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरून तयार होते. तेव्हा पत्ता बदलल्यास नमुना क्रमांक ८ भरून नाव नव्या ठिकाणी आणावे. ज्या वस्तीची मते यादीत दिसत नाहीत, तिच्या नळाची आठवण उमेदवाराला सहसा राहत नाही.

महापरिनिब्बानसुत्तात वज्जींच्या गणराज्याचा प्रसंग आहे. ते वारंवार सभा भरवतात काय, एकोप्याने जमून एकोप्याने कामे पार पाडतात काय, असे भगवान बुद्ध आनंदांना विचारतात आणि जोवर हे चालू आहे तोवर त्यांची हानी होणार नाही, असा निर्वाळा देतात. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनीही भिक्खुसंघातील ठराव, गणपूर्ती आणि मतमोजणीच्या नियमांकडे लक्ष वेधले होते. वसतिगृहातील सभेत आपण जे शिकलो, त्याचे मूळ इतके जुने आहे.

पुढील स्नेहसंमेलनाला येताना माजी विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीसाठी केलेल्या एखाद्या अर्जाची पोच घेतलेली प्रत सोबत आणावी, अशी आमची विनंती आहे. शाळेच्या ग्रंथालयात त्यासाठी एक स्वतंत्र फाईल ठेवता येईल. दहावीनंतर शहराची वाट धरणाऱ्या मुलांना ती वाचावयास देऊ.