उपचारक दूर, उपचार घरात

एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. मालवणजवळच्या देवबागचे हे रूप पर्यटकांना मोहविते. पण ज्या घरात सेरेब्रल पाल्सी असलेले मूल आहे, त्या घराला हाच भूगोल महाग पडतो. रस्ता तारकर्लीमार्गे मालवणला जातो. जिल्हा रुग्णालयाचे ओरोस त्याहूनही लांब. एका फेरीत पालकाचा दिवसाचा रोजगार बुडतो, मूल थकते आणि उपचार हळूहळू सुटतो. यावरचा एक मार्ग म्हणजे दूरपुनर्वसन.

विकसित होणाऱ्या मेंदूला जन्मापूर्वी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच इजा झाल्यास हालचाल आणि शरीराची ठेवण कायमची बाधित होते. हजार जन्मांमागे साधारण दोन मुलांत ही अवस्था आढळते. मेंदूतील इजा वाढत नाही. मात्र व्यायामात खंड पडला की स्नायू आखडतात, सांधे वाकतात. म्हणूनच महिन्यातील एका भेटीपेक्षा रोजची थोडी मेहनत मोलाची ठरते.

मुंबईत डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली. अशा मुलांचे शिक्षण व उपचार यांची वाट तेथून रुंद झाली. पण तज्ज्ञ प्रामुख्याने शहरांतच राहिले. दूरपुनर्वसन हे अंतर कमी करू शकते. मात्र कॉल जोडला म्हणजे व्यवस्था उभी राहिली, असे नव्हे.

पहिली तपासणी प्रत्यक्षच हवी. मुलाची हालचालक्षमता पाच स्तरांच्या प्रचलित मोजपट्टीवर ठरवून उद्दिष्ट आखावे. तेही घरातले असावे: आधाराविना बसणे, पेला धरणे, पडवीतून खळ्यात उतरणे. व्यायाम आंघोळ, जेवण, खेळ यांत गुंफला, तर आईवर वेगळ्या कामाचा बोजा पडत नाही. सूचना मालवणीत असतील, तर आजीलाही त्या कळतील. महागड्या उपकरणांऐवजी गावातल्या सुताराकडून मापाची कोपरा-खुर्ची करून घेता येते.

किनाऱ्यावर वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा धरता येत नाही. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गाला ते चांगलेच दाखवून दिले. त्यामुळे व्यायामाच्या चित्रफिती मोबाइलमध्ये आधीच साठवलेल्या हव्यात. पालकांनी मुलाचे पूर्ण शरीर दिसेल असे छोटे चित्रीकरण करून ठेवावे व नेटवर्क मिळताच पाठवावे. उपचारकाने ते पाहून चूक सुधारावी. काहीच न चालल्यास साधा फोन असावा. हे चित्रीकरण कोण पाहणार, याची संमतीही आधी घ्यावी.

मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. पडद्यावरून स्नायूंचा ताठरपणा हाताला जाणवत नाही. खुब्याचा सांधा सरकतो आहे का, हे क्ष-किरण तपासणीतच कळते. झटके, गिळताना ठसका, वाढती वेदना दिसल्यास रुग्णालय गाठावेच लागते.

केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये डॉक्टरांसाठी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये सेरेब्रल पाल्सीचा स्पष्ट उल्लेख आहे. चौकट आहे, उणीव आहे ती जिल्हा रुग्णालय, आशा सेविका आणि घर यांना जोडणाऱ्या धाग्याची. तो जुळला, तर देवबागच्या मुलाला उपचारासाठी गाव सोडावे लागणार नाही आणि त्याच्या आईला रोजगार व मूल यांतून एकाची निवडही करावी लागणार नाही.