जनावर लंगडतंय का? एकाचं हो, दुसऱ्याचं नाही

आपल्या सोलापूर जिल्ह्यात अकलूजला घोडेबाजार भरतो. घोडा पसंत पडला की घेणारा आधी त्याला पळवून बघतो. एक जाणता म्हणतो, "चाल साफ आहे." दुसरा म्हणतो, "पुढच्या डाव्या पायात काहीतरी खोट आहे." घोडा एकच, मग खरं कोणाचं?

हाच प्रश्न लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीच्या स्पर्धांमध्येही पडतो. या स्पर्धा जगभर होतात आणि मोठ्या स्पर्धेत एका दिवसात 160 किलोमीटर अंतर असतं. वाटेत ठरलेल्या थांब्यांवर जनावरांचे डॉक्टर प्रत्येक घोडा तपासतात. छातीचे ठोके मोजतात, अंगातलं पाणी कमी झालंय का बघतात. मग घोड्याला सुमारे 40 मीटर दुडकी चालीनं पळवून परत आणतात. तो दर पावलाला लंगडताना दिसला, तर तिथंच स्पर्धेतून बाहेर.

ठोके मोजता येतात. त्यावर वाद होत नाही. लंगडणं मात्र तिथं डोळ्यांनीच ठरवतात. अमेरिकेत झालेला एक अभ्यास 2010 साली छापून आला. अनुभवी डॉक्टरांनी तेच घोडे वेगवेगळे तपासले. घोडा जास्त लंगडत असेल, तर एखादा पाय लंगडा आहे की नाही यावर त्यांचं मत शंभरात 93 वेळा जुळलं. लंगडणं बारीक असेल, तर फक्त 62 वेळा. नुसतं नाणं उडवून सांगितलं, तरी निम्म्या वेळा जुळतंच की!

म्हणजे डॉक्टर खोटं बोलतात असं नाही. बारीक लंगडणं दिसायलाच अवघड असतं. त्यात "हा घोडा लंगडतोय" असं आधीच कानावर पडलं, तर डोळा तेच शोधतो. म्हणून मोठ्या स्पर्धेत शंका आली की तीन डॉक्टर एकत्र बघतात. आपसात न बोलता प्रत्येक जण गुप्तपणे मत देतो आणि दोघांचं जुळेल तो निकाल.

आपल्या गोठ्यातही हे उपयोगी आहे. बैल, गाय, शेळी, कोणाचीही चाल बघायची तर जागा सपाट आणि कडक हवी. कासरा सैल सोडा. तो आखडून धरला की मान हलत नाही आणि दुखणं झाकलं जातं. जनावराला समोरून, मागून आणि बाजूनं चालताना बघा. पुढचा पाय दुखत असेल, तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागचा पाय दुखत असेल, तर त्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. गाय पाठ कमानीसारखी करून चालत असेल, तरी तिचे खूर बघा. घरातल्या दोघीतिघींनी वेगवेगळं बघा आणि मगच बोला.

बाजारात आणखी एक सावधगिरी. दुखणं दाबणारं औषध दिलेलं जनावर तेवढ्यापुरतं नीट चालतं. घेण्याआधी शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

बैलगाडी शर्यतीआधी बैलांसाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. पण डॉक्टर बैलाला घटकाभर बघतात, तुम्ही रोज बघता. कालपासून उठताना वेळ लावतोय, एक पाय उचलून धरतोय, हे तुम्हालाच ठाऊक असतं. ते डॉक्टरांना सांगा. आणि मतं जुळली नाहीत, तर बैलाच्या बाजूनं निकाल द्या. त्या दिवशी शर्यत नको, उसाची गाडीही नको. बारीक लंगडणं विश्रांतीनं आणि वेळेवर उपचारानं बहुतेक वेळा बरं होतं. तसंच ओझं ओढायला लावलं, तर पाय कायमचा जाऊ शकतो.

आज संध्याकाळी जनावरं घरी येतील, तेव्हा दारात उभ्या राहून त्यांची चाल बघा.