कॅमेऱ्याचा पट्टा

२०२३ च्या पावसाळ्यांत चाकूर तालुक्यांतील वडवळ नागनाथच्या बेटावर आम्ही छायाचित्रें घेण्यास गेलों होतों. बेट म्हणजे पाण्यांतलें नव्हे. औषधी वनस्पतींविषयीं प्रसिद्ध असलेली ती एक टेंकडी आहे. एका झुडपावर वांकतांच गळ्यांतील कॅमेरा झोका घेऊन दगडावर आपटला. भिंग वांचलें, मान मात्र दोन दिवस आंखडली होती!

दोष पट्ट्याचा. भिंगासह कॅमेऱ्याचें वजन सहज १ किलो भरतें, आणि अरुंद वादी तें सारें मानेच्या चिंचोळ्या भागावर टाकते. पट्टा दीड-दोन इंच रुंद असला म्हणजे तोच भार पसरतो. तोही गळ्यांत न अडकवितां जानव्याप्रमाणें एका खांद्यावरून विरुद्ध कुशीखालीं घ्यावा. मग वांकतांना कॅमेरा पुढें धांवत नाहीं आणि गर्दींत कोणास हिसकावतांही येत नाहीं.

कातडी पट्टा दिसण्यांत उमदा खरा, पण घामानें ताठरतो व पावसाळ्यांत बुरसतो. नायलॉनचा धुतां येतो; गुळगुळीत मात्र नसावा, खांद्यावरून घसरतो.

खरी मेख जोडांत आहे. पट्ट्याचें टोंक बकलांतून परत फिरवून दोन-तीन इंच मागें राहूं द्यावें. कांहीं पट्टे कॅमेऱ्याच्या तळाच्या पाव इंची स्क्रूला जोडतात. चालतां चालतां तो ढिला होतो, म्हणून बाजूच्या कडीस एक जादा दोरी बांधावी. नवा पट्टा प्रथम घरींच, गादीवर कॅमेरा धरून, चांगला झटका देऊन पाहावा.