ट्रॅक्टर आपला, पण किल्ली कुणाकडे?



ऐन गळीत हंगामात ट्रॅक्टर एक दिवस उभा राहिला तर काय होते, हे आम्ही आपणांस सांगायला नको. तोडलेला ऊस फडात वाळतो, वजन घटते, टोळी बसून राहते, आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून नवे यंत्र घेताना त्याची ताकद जशी बघतो, तसेच ते बिघडल्यावर कोण दुरुस्त करणार, हेही बघावे.

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचा अनुभव यासाठी ध्यानात घेण्यासारखा आहे. जॉन डिअर ही तिकडची मोठी ट्रॅक्टर कंपनी. पुण्याजवळ सणसवाडीलाही तिचा कारखाना आहे. तिच्या तिकडच्या नव्या यंत्रांत जागोजागी संगणक असतात. काही भाग बदलले, तर सॉफ्टवेअरने त्यांची जोडणी करून दिल्याशिवाय यंत्र चालत नाही. ते पूर्ण सॉफ्टवेअर मात्र बरीच वर्षे अधिकृत विक्रेत्याकडेच असे. गावचा मिस्त्री कितीही हुशार असो, त्याचे हात बांधलेले!

२०१५ साली या कंपनीने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाला लेखी कळवले की, ट्रॅक्टर घेणाऱ्याला आतल्या सॉफ्टवेअरची मालकी मिळत नाही, ते वापरण्यापुरता परवाना मिळतो. म्हणजे पैसे आपण मोजायचे आणि मालक दुसराच! सुरक्षितता आणि धुराचे नियम यांसाठी हे कुलूप लागते, असे कंपनीचे म्हणणे. त्यात काही तथ्य असेलही. पण साध्या दुरुस्तीसाठी दिवसच्या दिवस खोळंबा कशाला?

तिथले शेतकरी गप्प बसले नाहीत. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा केला, आणि १ जानेवारी २०२४ पासून शेती-यंत्रांचे सुटे भाग, माहिती व दुरुस्तीची साधने शेतकऱ्याला देणे कंपन्यांवर बंधनकारक झाले. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने या कंपनीवर दावाही लावला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या विषयांत शेती-अवजारेही आहेत.

नव्या तंत्राला आमचा विरोध नाही. पण विक्रेता रुबाबात बोलला म्हणून आपण दबून जाऊ नये. सही करण्याआधी एवढे विचारा :

(१) बिघाड शोधण्याचे साधन बाहेरच्या मिस्त्रीला मिळते का?
(२) बाहेर दुरुस्ती केली तर हमी रद्द होते का?
(३) सुटे भाग किती दिवसांत मिळतील, आणि पुढे किती वर्षे मिळत राहतील?
(४) हंगामात मेकॅनिक किती तासांत बांधावर येईल?

उत्तरे तोंडी नकोत, कागदावर घ्या. चांगल्या मालाचा विक्रेता प्रश्नांना भीत नाही. आणि जो म्हणेल, ‘तुम्हाला त्यातलं काय कळतं?’, त्याच्या दुकानाची पायरी खुशाल उतरा.