परभाषेच्या आधारे उपजीविका

इ. स. १६७४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन राज्याभिषेकप्रसंगी रायगडावर आला, तेव्हा इंग्रजांच्या बाजूने दुभाषी म्हणून नारायण शेणवी याने काम पाहिले. आणि मराठ्यांच्या दरबारांत फारसी पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या पारसनिसाचा हुद्दा इतका प्रतिष्ठित ठरला, की पुढे ते घराण्याचे आडनावच झाले. परभाषेच्या ज्ञानावर संसार चालविणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. मात्र या मंडळींचे भांडवल केवळ भाषा एवढेच नव्हते. शेणव्यास व्यापाराची व राजकारणाची, पारसनिसास दफ्तराची व तहनाम्यांची जाण असावीच लागे. जळगाव-धुळ्याच्या ज्या तरुणांना आज जर्मन वा जपानी शिकावीशी वाटते, त्यांनी त्या भाषेच्या जोडीला कोणता विषय हाती धरावयाचा याचा निर्णय आधी करावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

असा एक विषय खानदेशच्या उंबरठ्यावरच आहे. अजिंठ्याची लेणी महसुली हिशेबाने छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडत असली, तरी आगगाडीने येणारे पुष्कळ प्रवासी जळगावलाच उतरतात, आणि तेथून सुमारे ६० किलोमीटरांचा रस्ता कापून फर्दापूरमार्गे वाघूर नदीच्या त्या अर्धवर्तुळाकार कड्यापाशी पोहोचतात. या प्रवाशांत जपान, कोरिया, थायलंड, श्रीलंका अशा देशांतील बौद्ध असतात. त्यांच्या दृष्टीने ही सहल नसून यात्रा असते. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी अवलोकितेश्वराची आकृती दाखविताना शतकांची आणि रंगद्रव्यांची माहिती देऊन थांबणारा मार्गदर्शक, आणि हाच अवलोकितेश्वर जपानात कान्नोन या नावाने पूजिला जातो हे जाणून जपानी भाविकाशी त्याच्या भाषेत बोलणारा मार्गदर्शक, या दोघांच्या कामात जे अंतर आहे, ते केवळ व्याकरणाच्या अभ्यासाने भरून निघणारे नाही. आराई काम्पो या जपानी चित्रकाराने आपल्या सहकाऱ्यांसह गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती परिश्रमपूर्वक तयार केल्या, आणि १९२३ च्या भूकंपानंतर तोक्योत लागलेल्या आगीत त्या भस्मसात झाल्या, ही हकीकत ज्याला ठाऊक असेल, त्याला पाहुण्याशी संवाद साधण्यासाठी निराळे निमित्त शोधावे लागणार नाही. केंद्रीय पर्यटन खात्याचा परवाना मिळविलेल्या आणि परकीय भाषा अवगत असलेल्या मार्गदर्शकाला अधिक मोबदला मिळतो. परंतु हा व्यवसाय हंगामी आहे, सोमवारी लेणी बंद असतात, पावसाळ्यानंतरचे थोडे महिनेच खरी वर्दळ असते, म्हणून शिकवणी वा भाषांतर यांची जोड असलेली बरी.

दुसरा विषय केळीचा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले, आणि जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातील तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन केळी दुबईला रवाना झाली. निर्यातीची कागदपत्रे इंग्रजीत होतात, हे खरे. तथापि माल शीतपेटीतून बंदरावर उतरल्यावर फण्यांवर डाग निघाले, आणि त्या नुकसानीची रक्कम कोणी सोसावी याविषयी आखाती व्यापाऱ्याशी घासाघीस सुरू झाली, म्हणजे अरबी जाणणारा आणि शिवाय केळी कापणीपासून पिकवणीपर्यंत ओळखणारा माणूस निर्यातदाराला लाखमोलाचा वाटतो. साधा मजकूर आता यंत्रेही भाषांतरित करतात. दिलेल्या शब्दाची जबाबदारी मात्र माणसालाच घ्यावी लागते.

रुग्णसेवेचे क्षेत्रही असेच आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला, तेव्हापासून जर्मन शिकण्याविषयी जिल्ह्याजिल्ह्यांत उत्सुकता वाढली आहे. भाषाज्ञानाच्या ए-१ पासून सी-२ पर्यंतच्या सहा पायऱ्यांपैकी परिचारिकेला तेथे मान्यता मिळण्यासाठी सामान्यतः बी-२ ही चौथी पायरी गाठावी लागते. काही आठवड्यांत ती गाठून देण्याचे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींवर पालकांनी विश्वास ठेवू नये. जपानच्या २०१९ पासूनच्या विशिष्ट-कौशल्य योजनेत मूलभूत जपानीची परीक्षा पुरते, पण वृद्धसेवेसाठी त्या कामातील भाषेची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. शिक्षणासाठी पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट, मॅक्सम्युलर भवन आणि आलियाँस फ्राँसेझ येथे अनेक जण जातात.

धुळ्याला मात्र या प्रश्नाची एक निराळी बाजू आहे, आणि मला ती विशेष प्रिय आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी येथे देह ठेवला, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्यांचा संग्रह जतन करीत आले आहे. थाळनेर आणि बुऱ्हाणपूर येथून फारुकी राजवटीने १६०१ पर्यंत कारभार केलेल्या या प्रदेशाचा इतिहास फारसीवाचून पुरता उलगडत नाही. ग. ह. खरे आणि सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधने मराठीत आणली. पगडी तर सरकारी अंमलदारीच्या धकाधकीत हे करीत होते. छापील फारसी शिकून भागत नाही, शिकस्ता वळणाचा हस्तलेख वाचता यावा लागतो, त्याला वर्षे लागतात, आणि सनदा-फर्माने वाचू शकणारे लोक आता फार थोडे उरले आहेत. विद्यापीठांनी इतिहासाच्या विद्यार्थ्याला एम. ए.च्या दोन वर्षांतच ही भाषा शिष्यवृत्ती देऊन शिकवावी. अभिलेखागारे, संशोधनसंस्था आणि वस्तुसंग्रहालये यांना त्याची गरज आहे, आणि केळी विकत घेणाऱ्या इराणशी पत्रव्यवहार करणाऱ्या निर्यातदारालाही ती भासू शकेल.