सातमाळेत तीन दिवस, स्वतःच्या शिदोरीवर

कळवणहून दक्षिणेकडे पाहिलं की सातमाळेची रांग दिसते. सप्तशृंगी, तिच्यासमोर मार्कंड्या, मग जोडीनं उभे रावळ्या-जावळ्या, आणि पुढे कड्याच्या भिंतीत खाच पडलेला धोडप. पायथ्यापासून माथ्यापर्यंत जाऊन संध्याकाळी घरी परतणारे पुष्कळ आहेत. पण रांगेवरच दोन रात्री काढायच्या, वाटेत हॉटेल नाही, दुकान नाही, नळ नाही, हे धरून निघायचं तर आखणी वेगळी करावी लागते. ती कशी करावी, हे सांगण्यासाठी हा लेख.

तंबू कुठे लावता येतो

आफ्रिकेतल्या मोठ्या अभयारण्यांत स्वतःच्या गाडीनं जाऊन, कुंपण नसलेल्या जागी तंबू लावून राहता येतं. ते वाचून आपल्याकडेही ताडोबात किंवा मेळघाटात तसंच करावं असं अनेकांना वाटतं. ते होत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरताच येत नाही, आणि जंगलाला धोका होईल असा जाळ पेटवणं गुन्हा आहे. व्याघ्र प्रकल्पांत ठरलेल्या वेळी, ठरलेल्या गाडीतून, वाटाड्यासह फिरायचं आणि वेळ संपायच्या आत दाराबाहेर यायचं.

म्हणून आपल्या माणसाला खरी मुक्कामी भटकंती करायची तर ती अभयारण्याबाहेरच्या डोंगररांगांत. कळवणकरांसाठी सातमाळ ही त्यातली सर्वांत जवळची. तरीही इथली बरीचशी जमीन वनखात्याची आहे आणि राखीव वनाला भारतीय वन अधिनियम 1927 लागू होतो. निघण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन कुठून चढणार, कुठे झोपणार, किती जण, हे सांगून परवानगीचं विचारावं. एका फेरीचं काम आहे, आणि त्या फेरीत वणवा कुठे लागला, बिबट्या कुठे दिसला, हेही कळतं.

पाणी

बाकी सगळी आखणी पाण्यावरून होते. नकाशावर अंतर मोजून मुक्काम ठरवणारा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी फसतो.

हिशेब सरळ आहे. थंडीच्या दिवसांत पाठीवर ओझं घेऊन चढणाऱ्या माणसाला प्यायला तीन ते चार लिटर लागतं, स्वयंपाकाला आणि किरकोळ वापराला आणखी एक-दीड. म्हणजे माणशी दिवसाला पाच लिटर धरा. एक लिटर म्हणजे एक किलो. साठ किलोच्या माणसानं बारा ते पंधरा किलोंपेक्षा जास्त ओझं घेऊन डोंगर चढू नये. त्यातले पाच किलो पाण्यात गेले की तंबू, पांघरूण, शिधा आणि भांडी मिळून सात ते दहा किलो उरतात. हे जमतं. तीन दिवसांचं पाणी मात्र पंधरा किलो होतं, म्हणजे सगळं ओझं पाण्याचंच. याचा अर्थ असा की सातमाळेत स्वावलंबी असणं म्हणजे सगळं पाणी सोबत नेणं नव्हे. एका दिवसाचं पाणी पाठीवर आणि पुढच्या दोन पाणवठ्यांची पक्की माहिती डोक्यात, असा त्याचा अर्थ. मुक्काम नेहमी पाण्यापाशी ठेवावा आणि कोरडा टप्पा सकाळच्या गारव्यात उरकावा.

हे पाणवठे म्हणजे किल्ल्यांवरची टाकी. आपला डोंगर बेसॉल्टचा. लाव्हाचे थर एकावर एक बसले आणि काही थरांच्या मध्ये लाल मातीसारखा पट्टा राहिला. वरून मुरलेलं पाणी अशा सांध्यापाशी अडतं आणि बाजूनं झिरपतं. जुन्या लोकांनी ही जागा हेरून कातळात टाकी खोदली. काही उघडी, पावसाच्या पाण्यावर भरणारी, तर काही आत खांब सोडून खोदलेली. खांबटाक्यात ऊन पोचत नाही, म्हणून पाणी कमी उडतं, शेवाळ कमी धरतं आणि ते उन्हाळ्याकडे जास्त दिवस टिकतं. दोन टाकी शेजारी असतील तर खांबटाक्याचं पाणी घ्यावं.

पण टाकं आहे म्हणजे पाणी आहे, असं धरू नका. एका फाल्गुनात आम्ही चौघं पुस्तकातल्या नोंदीवर विसंबून चढलो. टाकं सापडलं, तळाशी वीतभर पाणी होतं आणि त्यात पडून मेलेलं माकड होतं. उरलेल्या दोन लिटरवर चौघं अंधारात खाली उतरलो. तेव्हापासून मी पायथ्याच्या गावात गुराख्याला विचारल्याशिवाय वर जात नाही. कोणत्या टाक्याला आज पाणी आहे हे त्याच्याइतकं नेमकं कुणाला ठाऊक नसतं, कारण त्याची जनावरं त्यावरच जगतात.

सोबत पंचवीस-तीस फूट बारीक दोर आणि छोटी डोलची असू द्या. पाणी खाली गेलेलं असलं तर निसरड्या पायऱ्यांवर वाकून बाटली भरण्यात माणसं टाक्यात पडतात. पाणी आधी दुहेरी फडक्यातून गाळा. फडक्यानं गाळ आणि किडे अडतात, रोगजंतू अडत नाहीत. त्यासाठी खळखळून उकळा; या उंचीवर उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं. गॅस वाचवायचा असेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब टाकून अर्धा तास थांबा. आणि टाक्यात हातपाय धुवू नका, भांडी विसळू नका. तुमच्यामागून तेच पाणी गुराखी पिणार आहे.

कलाहारीत हाच हिशेब

बोट्स्वानातलं सेंट्रल कलाहारी अभयारण्य 1961 साली झालं. क्षेत्रफळ सुमारे 52,800 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यासारखे तीन जिल्हे त्यात मावून वर जागा उरेल. आत पेट्रोलपंप नाही, दुकान नाही, पिण्याच्या पाण्याची सोय नाही. मुक्कामाच्या जागा आधी राखून ठेवाव्या लागतात आणि त्यांना कुंपण नसतं. रात्री सिंह तंबूजवळून जाऊ शकतो.

तिथे ओझं गाडी वाहते, म्हणून सगळं पाणी सोबत नेता येतं आणि नेलंच पाहिजे. माणशी दिवसाला दहा लिटर धरले तर दोघांना सात दिवसांना 140 लिटर. ते एका मोठ्या टाकीत न भरता अनेक कॅनमध्ये भरावं, म्हणजे एक फुटला तरी जीव वाचतो. डिझेलचा हिशेब डांबरी रस्त्यावरच्या सरासरीनं न करता वाळूतल्या सरासरीनं करावा. खोल वाळूत टायरमधली हवा कमी केली की टायर पसरतो आणि न रुतता पुढे सरकतो. नंतर हवा भरायला पंप लागतोच. पावसानंतर गवत वाढलेलं असतं. त्याचं बी रेडिएटरच्या जाळीत भरून इंजिन तापतं, आणि गाडीखाली धुराड्याच्या नळीजवळ वाळलं गवत साचलं तर गाडी पेट घेते. म्हणून पुढे बारीक जाळी बांधायची आणि दर थांब्याला गाडीखाली वाकून पाहायचं. एकाऐवजी दोन गाड्यांनी जावं, म्हणजे एक अडकली तर दुसरी ओढते. दक्षिण आफ्रिका, नामिबिया आणि बोट्स्वानात वाहनं आपल्यासारखी रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात, एवढी एक सोय आपल्याला आयती मिळते.

या वाळवंटात सान लोक पिढ्यान् पिढ्या राहत आले. पाऊस संपला की त्सामा नावाच्या रानटी कलिंगडातून आणि जमिनीतल्या कंदांतून ते पाणी मिळवत. सरकारनं त्यांना अभयारण्याबाहेर हलवलं तेव्हा ते न्यायालयात गेले. 2006 मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला, तरी आतली कूपनलिका वापरता येत नव्हती. अखेर 2011 मध्ये अपील न्यायालयानं पाण्याचा हक्क मान्य केला. पर्यटक ज्या जागेत आठवडाभराचं पाणी घेऊन हौसेनं जातो, तिथल्या रहिवाशाला पाण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. कातळातल्या टाक्याजवळ बसलो की मला हे प्रकरण आठवतं. आपण पाहुणे आहोत आणि टाकं पाड्यावरच्या माणसांचं आहे.

वाट आणि दिवस

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तीन दिवस, दोन रात्री इतकीच मजल धरावी. पहिल्या दिवशी मार्कंड्या आणि रावळ्या-जावळ्या यांच्यामधल्या मुळाणबारीच्या खिंडीतून चढून रावळ्या-जावळ्याच्या पठारावर मुक्काम. दुसऱ्या दिवशी रांग धरून धोडप. त्याला पूर्ण दिवस द्यावा आणि उजाडताच निघावं. धोडपला गुहा आहेत, टाकी आहेत आणि माथा 4,800 फुटांच्या आसपास, त्यामुळे वारा बोचरा असतो. तिसऱ्या दिवशी कळवण तालुक्यातल्या ओतूरकडे उतरायचं, किंवा चांदवडच्या बाजूनं हट्टी गावात. वाट पहिलीच असेल तर पायथ्याच्या गावातला माणूस वाटाड्या म्हणून घ्या आणि त्याचा दिवस पूर्ण रोजानं भरा.

काळ दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा. पावसाळ्यात कड्याच्या पायऱ्या निसरतात, धुक्यात वाट चुकते. फाल्गुनापासून गवत वाळतं, वणवे लागतात आणि टाकी उतरतात. पौषात रात्री पारा दहा अंशांच्या खाली जातो, तेव्हा पातळ चादरीवर भागणार नाही. शुक्ल पक्ष निवडला तर संध्याकाळी उजेडाची सोबत मिळते.

शिधा

आपल्याकडे पायी मुक्कामाची रीत जुनी आहे. चैत्रात खानदेशातून हजारो माणसं चालत सप्तशृंगीला येतात. त्यांना रस्त्यावर पाणी आणि अन्नदान मिळतं, रांगेवर ते नाही, पण त्यांच्या पिशवीतले पदार्थ इथेही कामाचे. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या दोन-तीन दिवस सहज राहतात. शेंगदाण्याची चटणी, कोरडा ठेचा, गूळ, फुटाणे. दुपारी चूल लावूच नये, हेच खावं आणि चालावं. रात्री मूगडाळीची खिचडी. माणशी शंभर ग्रॅम तांदूळ आणि पन्नास ग्रॅम डाळ. घरूनच हळद, मीठ, जिरं घालून एकेका वेळेची पुडी बांधली की अंधारात डबे उघडत बसावं लागत नाही. कळवणचा उन्हाळी कांदा सोबत हवाच. तो खराब होत नाही, दाबला जात नाही. सकाळी नागलीच्या पिठाची आंबील पोटाला धरून राहते. एका जेवणाचा शिधा जास्तीचा ठेवा आणि उतरेपर्यंत त्याला हात लावू नका.

जाळ

छोटा गॅस-स्टोव्ह न्या. डोंगरावर सरपण तोडू नका, पडलेल्या काटक्याही पाड्यावरच्या बायकांच्या मोळीतल्या आहेत. वाळल्या गवतात ठिणगी पडली तर अख्खा उतार जळतो, आणि त्या उतारावरच गावाची गुरं चरतात. स्टोव्ह उघड्या कातळावर, वाऱ्याच्या आडोशाला लावा.

रात्रीचे शेजारी

या भागात बिबट्या आहे. माणूस दिसला तर तो बहुधा बाजूला होतो. पण उष्टं फेकलं की कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. म्हणून खरकटं पिशवीत बांधून ठेवायचं, अंधार पडल्यावर एकट्यानं लांब जायचं नाही आणि लहान मुलाला मधे घेऊन चालायचं.

साप जास्त जवळचे. फुरसं कपारीत आणि दगडांच्या सावलीत बसतं, म्हणून हात टेकण्याआधी पाहा. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावा बहुधा दुखत नाही आणि पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, तेव्हा कळतं. तंबूची चेन पूर्ण लावणं आणि सकाळी बूट झटकून घालणं यानं ही भीती पुष्कळ कमी होते. साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, घट्ट बांधू नये. अवयव हलू न देता माणसाला झोळीतून खाली आणावं. सर्पदंशावरची लस रुग्णालयातच देतात, त्यामुळे निघण्याआधी कळवणच्या उपजिल्हा रुग्णालयात साठा आहे का, हे विचारून ठेवावं.

कड्यांवरची आग्या मोहोळं हा या रांगेतला सर्वांत दुर्लक्षित धोका. धूर, अत्तर आणि आरडाओरड यांनी माश्या उठतात. उठल्याच तर हात झटकू नका. तोंड झाकून, ओणवं होऊन दूर जा किंवा तंबूत शिरून चेन लावा. कड्याच्या कडेला पळत सुटणं हे चाव्यांपेक्षाही घातक.

निरोप ठेवून जा

धोडपच्या खाचेत किंवा खिंडीत फोन लागेलच असं नाही. त्यामुळे एका कागदावर नावं, वाट, मुक्काम आणि उतरण्याचा दिवस-वेळ लिहून तो घरी आणि पायथ्याच्या पोलीस पाटलाकडे ठेवा. संकटात 112, रुग्णवाहिकेसाठी 108 आणि वनखात्याचा 1926 हे क्रमांक कागदावर हवेत, नुसते फोनमध्ये नकोत. उतरण्याची वेळ लिहिताना तीन-चार तासांची सवड धरा. आणि ओतूरला पाय लागला की चहा घेण्याआधी ज्यांच्याकडे कागद ठेवला त्या दोघांना कळवा. नाहीतर रात्री गावातली माणसं बॅटऱ्या घेऊन तुम्हाला शोधायला डोंगर चढतील.