शंभराचे एकशे साठ

माजलगावात एका यात्रा-बसच्या काचेवर पाटी दिसली: ‘पाचशेची नोट आणू नये.’ खाली काशी, अयोध्या, पशुपतिनाथ अशी नावं. पाचशेच्या नोटेला नको म्हणणारा माणूस बघायलाच हवा, म्हणून बसमागोमाग पुरुषोत्तमपुरीला गेलो. 2023चा धोंड्याचा महिना, श्रावण अधिक आलेला. गोदाकाठी पाय ठेवायला जागा नव्हती.

दर्शनं उरकली, जेवणं झाली. मग बसच्या सावलीत सतरंजी टाकून यात्रेचे मॅनेजर बसले. मांडीवर रेक्झिनची बॅग, शेजारी वही. पाचशेची नोट घ्यायची, उजेडात धरायची, शंभराच्या पाच मोजून द्यायच्या. हे सुटे त्यांनी किराणा दुकानं, पेट्रोल पंप आणि आडत पालथी घालून जमवलेले. “बँकेत मागितले तर पाचशेचंच बंडल पुढं करतेत,” ते म्हणाले. प्रत्येकाला एकच हिशेब सांगत होते: “तिकडं शंभराचे एकशे साठ.”

एका आजींनी चंची उघडली आणि तंबाखू-चुन्याचा वास सतरंजीभर पसरला. आत पाचशेच्या दहा नोटा, चौघडी घातलेल्या, कडेला चुना लागलेल्या. लेकानं ऊसतोडीच्या उचलीतून दिलेल्या. मॅनेजरनी पन्नास नोटांची गड्डी समोर ठेवली. चंचीत ती मावेना.

“शंभराचे एकशे साठ देतेत, मग पाचशेचे आठशे काहून देत न्हाईत?”

मॅनेजर हसले आणि पुढच्या माणसाकडं वळले. प्रश्न मात्र बिनतोड होता. भारतीय शंभराला नेपाळी एकशे साठ हा भाव 1993पासून ठरलेला आहे, नोट लहान-मोठी असली म्हणून तो बदलत नाही. पण डिसेंबर 2018मध्ये नेपाळनं शंभरावरच्या भारतीय नोटा बंद केल्या. आपल्याकडं यावर ‘एवढासा देश, आणि मिजास बघा’ असा सूर लागतो. मला तो पटत नाही. 2016च्या नोटाबंदीत आपण एका रात्रीत पाचशे-हजार रद्द केले, तेव्हा नेपाळात कोट्यवधी रुपयांच्या जुन्या नोटा अडकल्या, आणि त्या बदलून देण्याचा प्रश्न आपण लोंबकळतच ठेवला. एकदा पोळलेला शेजारी शंभरावर थांबला तर त्यात नवल काय? पुढं 2025च्या अखेरीला रिझर्व्ह बँकेनं नेपाळ-भूतानला जाताना 25,000 रुपयांपर्यंत मोठ्या नोटा न्यायची मुभा दिली. 2023मध्ये मात्र चुकून पाचशेची नेली, तर सरहद्दीवर बट्टा देऊन मोडायची, नाहीतर परत आणायची.

मॅनेजर या बदलाबदलीचे पैसे घेत नव्हते. स्वार्थ होता, पण साधा: सोनौलीच्या सरहद्दीवर गाडीचा भंसार, म्हणजे नेपाळची जकात, भरायच्या घाईत कुणी सुट्यांसाठी अडून बसलं की अख्खी बस खोळंबते.

आजींनी गड्डी परत सरकवली. “काशीपस्तोर तर पाचशेची चालती ना?”

“चालती.”

“मग निम्मेच मोड. एवढं ओझं आत्तापासनं कशाला वागवू?”

“काशीत सुटे कोण देईल, आजे?”

“काशीत पेट्रोल पंप न्हाई का?”

मॅनेजरनी पंचवीस नोटा मोजून बाजूला काढल्या, पाचशेच्या पाच परत दिल्या आणि वहीत आजींच्या नावापुढं ‘निम्मे’ असं लिहिलं.